साळूची आई कुठे गेली

८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागावली असशील तर फोनवरून रागवायची सोय नाही, हे एक बरं आहे. मागच्या खेपेला मी चारदा तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि तू चारही वेळा मला शेजारणीच्या मांजराची हकीकत ऐकवलीस. कानाचं यंत्र डबीत ठेवलं तर ते चालणार कसं? तेव्हा आपलं पत्रच बरं.

सध्या मी तुझ्या जुन्या राज्यात बसून काम करते आहे. साळू साळिंदराचे तिन्ही कार्टूनपट धुऊनपुसून पुन्हा थिएटरात आणायचं ठरलंय, आणि आवाजाचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय. स्टुडिओच्या तळघरातल्या लोखंडी कपाटांत टेपची रिळं आहेत. त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. जोड सुटलेत, कडा मुडपल्यात. एकेक रीळ हाताने हळूहळू फिरवायचं, जोड पुन्हा चिकटवायचे, मग यंत्रावर चढवायचं. दिवसाला दोन झाली म्हणजे डोक्यावरून पाणी.

गंमत अशी की मी दार उघडं ठेवलं की सुरुवातीची ती शीळ ऐकून माणसं येऊन उभी राहतात. काल स्वागतकक्षातली बाई आली. चाळिशी उलटलेली, तोंडाने फटकळ, पण साळूचे काटे दारात अडकतात तो प्रसंग नुसता ऐकून रुमाल डोळ्याला लावून गेली. आणि जो येतो तो जाताना एकच विचारतो. पहिल्या भागात साळूची आई होती, काटे विंचरायची, गाणं म्हणायची. दुसऱ्या भागात टेबलावर दोनच ताटल्या आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. मग ती गेली कुठे? मी हसून सांगते की ते चित्रपट काढणाऱ्याला ठाऊक होतं, आणि तो, म्हणजे माझे बाबा, जाऊन चार वर्षं झाली.

हसते खरी. पण साळूच्या आईचा आवाज माझ्या आईचा होता, आणि त्या दोघी एकदमच नाहीशा झाल्या. मला सहावं वर्ष लागायचं होतं. मे महिन्यात मला सांगितलं की आई कामासाठी लांब गेली. दोन वर्षांनी सांगितलं की ती आता येणार नाही. मोठी झाल्यावर बाबांना विचारलं तर म्हणाले की ती या जगात नाही, पुढचं विचारू नकोस. शेजारीपाजारी म्हणायचे की ती घर सोडून पळाली. मी तुलाही कधी विचारलं नाही.

आता ऐक. मंगळवारी दुसऱ्या भागाच्या कपाटात एक डबा सापडला. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय की साळूची आई, निरोप, सतरा टेक, वापरू नये. खाली तारीख आहे, १९ सप्टेंबर, त्याच वर्षाची. म्हणजे लांब गेल्यावर चार महिन्यांनी आई इथे, याच इमारतीत, माईकपुढे उभी होती. मी पहिल्या टेकचा पहिला श्वास ऐकला आणि यंत्र बंद केलं.

चौथा भाग लिहिणाऱ्या मंडळींना डब्याचा सुगावा लागलाय. आईचा तो निरोप त्यांना नव्या चित्रपटात हवाय, आणि त्यासाठी मार्चअखेरपर्यंत माझी सही. सहीच्या आधी मला कळायला हवं की आई खरंच आम्हाला टाकून गेली होती का. हे सांगेल असं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

गुडघा शेकत जा. उत्तर लवकर धाड, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारुटी


१७ जानेवारी

चि. खारुटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मांजराला तीन पिल्लं झाली, हे तू फोनवर नीट ऐकलं असतंस तर कळलं असतं. गुडघा जिथल्या तिथे आहे. कानाचं यंत्र लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो, म्हणून डबीत असतं. तुझ्यासारखं आवाजावर पोट असतं तर लावलं असतं.

तुझं पत्र वाचून हाताला रंगाचा वास आल्यासारखा वाटला. साळूच्या नाकाचा तो तांबूस रंग मी घरी कालवायचे. सेलच्या पारदर्शक पानावर मागच्या बाजूने भरायचा, पुढून बोट लावायचं नाही, आणि वाळेपर्यंत खोलीत धुळीचा कण उडू द्यायचा नाही. एका सेकंदाच्या हालचालीला बारा सेल. माझं निम्मं आयुष्य त्या नाकावर गेलं.

साळूची आई कुठे गेली हे लोक आत्ता विचारतात असं समजू नकोस. दुसरा भाग लागला तेव्हा मुलांची पोतंभर पत्रं आली. त्यांना उत्तरं लिहायचं काम दादाने माझ्यावर टाकलं, अक्षर चांगलं म्हणून. मजकूर त्याने ठरवून दिलेला, की साळूची आई लांबच्या रानात गेली आहे आणि खुशाल आहे. हजारभर वेळा तरी लिहिला असेल. मुलं पुन्हा विचारायची, मी पुन्हा तेच लिहायचे.

डब्याच्या तारखेचं मनावर घेऊ नकोस. त्या काळी जुने डबे पुन्हा वापरायचे, आणि तुझ्या बापाला तारीख कधी धड लिहिता आली? सही करायची तर कर, नाही तर नको म्हणून मोकळी हो. नसत्या खोलात शिरून डोक्याला ताप करून घेऊ नकोस. जेवणाच्या वेळा पाळ.

आहे तशीच माझी राहा.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पिल्लांना माझा लाड सांग. बाकी तुझ्या पत्राने माझं समाधान झालं नाही, आणि होणार नाही हे तुलाही माहीत असणार.

तारीख बरोबर आहे. डब्यात ध्वनिमुद्रकाचा कागद आहे, त्याच्या हातची तारीख तीच. आणि आत्या, आईच्या पहिल्या श्वासानंतर मागे कुणीतरी खोकतं. तीन बारीक ढासा आणि एक लांब. दर सुट्टीत मी त्या खोकल्याशेजारी झोपले आहे. तू त्या खोलीत होतीस. तेव्हा जुन्या डब्यांची कथा मला सांगू नकोस.

आता मीच तुला एक सांगते. हे मी बाबांनाही सांगितलं नव्हतं. आई जायच्या आधी तिचा आवाज बसला होता. खरखर यायची. ती मला गोष्ट वाचून दाखवत होती आणि मी म्हणाले की तुझा आवाज बेडकासारखा येतो, घाण येतो, तू वाचू नकोस, बाबा वाचतील. तिने पुस्तक मिटलं आणि दिवा न मालवता निघून गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती घरात नव्हती. आवाजावर जगणाऱ्या बाईला तिच्या पोरीने असं बोलावं, आणि तिने जावं. मी दोन आणि दोन चार केले, आणि ते चार आजतागायत पोटात घेऊन फिरते आहे. सदतीस वर्षांची घोडी झाले, दुसऱ्यांच्या आवाजातली खरखर काढण्याचं काम करते, आणि रोज एकदा तरी तो बेडूक आठवतो.

म्हणून मी ती टेप पुढे ऐकत नाही. ती माझ्यामुळे गेली असेल तर ते मला यंत्राकडून कळायला नको. तुझ्याकडून कळू दे. ती माझ्यामुळे गेली का, एवढंच सांग. हो तर हो लिही.

वाट पाहते. लोभ कमी-जास्त तू ठरव, मी काही म्हणणार नाही.

तुझी,
खारुटी


१२ फेब्रुवारी

चि. खारुटीस,
अ. उ. आ.

ताप आहे, हात चालत नाही, म्हणून कार्डावर भागवते. टेप ऐकू नकोस. सही करू नकोस. डबा होता तिथे ठेवून दे. एवढं माझं ऐक, पुन्हा काही मागणार नाही.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं आणि घाबरले. तुझ्या शेजारणीला फोन केला. तिच्याकडून कळलं की ताप उतरला, भात खाल्लास आणि मांजरावर खेकसलीस, तेव्हा जीव भांड्यात पडला. औषध पूर्ण घे, मधेच सोडू नकोस.

आता तुझ्या कार्डाविषयी. ज्यात काही नाही ती टेप ऐकू नकोस असं कुणी तापात उठून लिहीत नाही. लेखक मंडळी दर दोन दिवसांनी खोलीत डोकावतात. त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली की लहानपणी ती साळूच्या आईसाठी रोज दारात एक बिस्कीट ठेवायची. मी तिला काय सांगू? मी दहा मार्चपर्यंत थांबते. तोवर तुझं पत्र आलं नाही तर मी ती टेप एकटीने ऐकेन. ते तुला बरं वाटेल का, बघ.

मी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

खारुटी


६ मार्च

चि. खारुटीस,
अ. उ. आ.

चार कागद फाडले. हा पाचवा फाडणार नाही.

पहिलं तुझ्या प्रश्नाचं. वहिनी तुझ्यामुळे गेली नाही. माझ्या घरी आली त्या संध्याकाळी तिने मला बेडकाची गोष्ट हसून सांगितली. आवाज बसलाय हे महिनाभर सगळ्यांना दिसत होतं, दादा म्हणायचा गरम पाणी पी, मी म्हणायचे मध चाट, आणि तू एकटीने तोंडावर सांगितलंस. तू बोललीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टरकडे गेली. घशात गाठ निघाली. ती सगळ्यांना सांगायची की डॉक्टरच्या आधी माझ्या लेकीने दुखणं पकडलं. तू बोलली नसतीस तर पुढचे चौदा महिनेही तिला मिळाले नसते. हे तुला आधी कळलं असतं तर तू हे ओझं वाहिलं नसतंस. बेडकाचं मला ठाऊक होतं, पण तू ते इतकं पोटात धरलंयस हे माहीत नव्हतं गं. शपथेवर सांगते.

ते चौदा महिने ती माझ्याकडेच होती, वरच्या खोलीत. दवाखाना इथून जवळ. डॉक्टरने स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणून सांगितलं होतं. तुला ऑपरेशन होईपर्यंत काही कळू द्यायचं नाही, हे तिचंच म्हणणं. तिला वाटलं दोनेक महिन्यांचा प्रश्न आहे, पण ऑपरेशनची तारीख सप्टेंबरपर्यंत लांबली. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तिने ती टेप केली. तो प्रसंग तिने स्वतः लिहिला. तू थिएटरात बसून ऐकशील म्हणून.

पुढचं लिहायला मन घेत नाही, पण लिहिते. ऑपरेशननंतर आवाज कायमचा गेला. गळ्याला भोक, त्यावर फडकं. ती पाटीवर लिहून बोलायची, आणि रोज एकच लिहायची की तिला आणा. दादा म्हणायचा, पोर घाबरेल, जखम भरू दे. जखम भरली तर म्हणाला, शाळेची परीक्षा होऊ दे. तोवर तुला आणि साऱ्या गल्लीला खोटं सांगून झालं होतं, ते फिरवायची त्याला लाज वाटत होती. मीही त्याचीच री ओढली. निरोपाचा प्रसंग कापताना त्याने मला विचारलं. तू आवाज ओळखशील आणि आई कुठे आहे म्हणून हट्ट धरशील, या धास्तीने मीही काप म्हणाले.

त्या डिसेंबरात दादाला चार दिवस परगावी जावं लागलं आणि तुला सांभाळणारी बाई आजारी पडली. तो तुला माझ्याकडे सोडून गेला. मी वरच्या खोलीला कडी घातली आणि तुला सांगितलं की वर ओल्या रंगाचे सेल वाळत आहेत, धूळ उडेल, जिन्यावर पाय ठेवू नकोस. तू रंगवाल्यांच्या घरातली पोर. जिन्याजवळून जाताना श्वास धरून जायचीस. दुसरं कुठलंही मूल वर गेलं असतं.

तू अंगणात एकटीच साळू-साळू खेळत होतीस. साळूचं तू बोलायचीस आणि साळूच्या आईचंही तूच. ते तिने वरून ऐकलं. हाक मारायला आवाज नव्हता. ती बंद खिडकीच्या दुधी काचेवर पाटीच्या कोपऱ्याने ठोकायला लागली. ठोकतच राहिली. तू आत येऊन मला विचारलंस कोण ठोकतंय. मी सांगितलं, पलीकडे सुतार आलाय.

दादा तुला घेऊन गेला. त्यानंतर अकरा दिवस तिने पाटी हातात धरली नाही. जुलैत ती गेली. तू शाळेत होतीस.

दादा असेतो मी दादाचं नाव पुढे करायचे. तो गेल्यावर ती सबबही राहिली नाही. पण तुला सांगितलं तर तू पत्र लिहायची थांबशील, आणि तुझ्याशिवाय मला पत्र लिहितंच कोण? मी भ्याले. दुसरं काही कारण नाही.

राग येईल तेवढा कर. आशीर्वाद द्यायचं तोंड नाही माझं, तरी वर लिहिलाय, तो खोडू नकोस.

तुझी,
आत्या


२९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आशीर्वाद खोडला नाही.

तुझं पत्र वाचल्यावर एकदा तुझ्याकडे यायला म्हणून बसमध्ये जाऊन बसले आणि दोन थांब्यांवर उतरून परत आले. त्या जिन्यापुढे उभं राहायचं बळ माझ्यात नाही. मी रागावले आहे, बाबांवर आणि तुझ्यावर. बाबांवर रागावून उपयोग नाही, म्हणून तुझ्या वाट्याला दुप्पट येतोय. हा राग लवकर जाईल असं मी म्हणणार नाही. पण पत्र थांबणार नाही.

तो सुतार मला आठवतो. त्याची ठोकण्याची तऱ्हा वेगळी होती, तीन ठोके आणि मग थांबायचा. मला वाटलं तो माझ्याशी खेळतोय. मी अंगणातल्या पाण्याच्या पाइपावर दगडाने तीन ठोके वाजवले. मग त्याने वाजवले, मग मी. तुला हे माहीत नाही, तू आत स्वयंपाकघरात होतीस. किती वेळ चाललं ते आठवत नाही. दिवेलागणीपर्यंत असावं.

टेप मी ऐकली. पूर्ण ऐकली. तुला ती आता ऐकू येणार नाही, म्हणून लिहून कळवते. पहिले दहा टेक आवाज फाटतो. बाबा काचेपलीकडून सांगतात की जरा मऊ बोल, पाणी पी. आई त्यांना सांगते की मऊ बोलले तर माझी लेक मला ओळखणार नाही, तिच्या ओळखीचा आवाज आता हाच आहे. अकरावा टेक नीट झालाय. त्यात ती साळूला सांगते की मी तुझ्यावर चिडून जात नाही, मला कुणी घालवतही नाही, जेवून घे, काटे ओले ठेवू नकोस. तरी तिने पुढे सहा टेक दिले. शेवटच्यात शब्द नाहीतच, नुसती हवा.

मी काल सही केली. एकच अट घातली, की अकरावा टेक घ्यायचा आणि त्यातली खरखर कुणी साफ करायची नाही. जोडकाम मी करणार. लेखक मंडळी म्हणाली की मुलं घाबरतील. मी म्हटलं, नाही घाबरत.

सतराव्या टेकनंतर कुणी यंत्र बंद करायला विसरलं. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग आई म्हणते की माझं काही बरंवाईट झालं तर पोरीला सगळं खरं सांगा. ती पुन्हा म्हणते. तेव्हा तुझा तो खोकला येतो, आणि तू म्हणतेस की मी सांगेन. तुझा आवाज इतका कोवळा आहे की मी आधी ओळखलाच नाही. आई विचारते, केव्हा? तू म्हणतेस, ती मला विचारेल तेव्हा.

पुढे टेप संपते. तू हे विसरली असशील. मी जानेवारीत विचारलं आणि मार्चात तू सांगितलंस. त्याआधी एकतीस वर्षं दर सुट्टीत मी तुझ्या घरी येत होते, तुझ्या शेजारी झोपत होते, आणि बेडकाच्या भीतीने मी तुला एकदाही विचारलं नाही.

औषध चालू ठेव. उत्तर लिहिशील ना?

तुझी,
खारुटी